कपाटात पासपोर्ट दिसला नाही

ग्दान्स्क, २ डिसेंबर १९९०

प्रिय बाळा,

गेल्या रविवारी तू ताटावरून उठून गेलास. बीटाचं सूप तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी मीच गरम करून प्यायले. मतदानाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. एवढंच विचारायचं होतं, जाताना पासपोर्ट नेलास का? कपाटात दिसला नाही.

पण तिमिन्स्की! कॅनडात आणि पेरूत पैसा केला, काळी ब्रीफकेस नाचवत अध्यक्षपदाला उभा राहायला आला, आणि माझ्या मुलाचं मत त्याला! पहिल्या फेरीत तो २३ टक्क्यांवर दुसरा, आपले पंतप्रधान माझोव्येत्स्की १८ वर तिसरे. ‘आपले’ म्हटलं की तू चिडतोस. अर्थमंत्री बाल्त्सेरोविचच्या जानेवारीतल्या सुधारणांनंतर वूचच्या गिरणीतून तुला काढलं, मला नाही, हे कळतं मला. माफ कर, पुन्हा मास्तरीण झाले.

गेल्या वर्षी यारुझेल्स्की संसदेत एका मताने अध्यक्ष झाला, तेव्हा ‘आम्हाला कुणी विचारलं?’ म्हणून तूच टेबलावर मूठ आपटली होतीस. या वेळी विचारलं. तू उत्तर दिलंस, मला आवडलं नाही, एवढंच. पण रांगेत तुला ताठ उभा पाहून बरं वाटलं होतं.

बाबा वालेसालाच देणार. ऐंशीच्या ऑगस्टमध्ये वालेसाच्या संपात ते गोदीच्या आत होते, त्यांच्याशी वाद कोण घालणार? प्रत्येकाला दहा कोटी झ्लॉटी, या त्याच्या वचनावर मात्र तेही नुसते मिशीत हसतात.

तिमिन्स्की जिंकणार नाही. मला भीती त्याची नाही. बाहेर गेलं की माणूस श्रीमंत होऊन परततो, हे तू त्याच्याकडून उचललंस, त्याची आहे. आम्हीही युद्धात थोड्या दिवसांसाठीच म्हणून हिंदुस्थानात, कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या निर्वासितांच्या छावणीत उतरलो होतो. आजी रोज रात्री आमचे बूट पुसून दाराशी ठेवायची, सकाळी निघायचं झालं तर. मी पंचगंगेत पोहायला शिकले, बूट दोनदा लहान झाले, तरी ती पुसतच होती. दादामामा तिथून इंग्लंडला गेला. त्याची पत्रं यायची, तो नाही. तुझं तसंच होईल असं नाही म्हणत मी.

९ तारखेला दुसऱ्या फेरीच्या मतदानाला घरी ये. कुणालाही दे, मी विचारणार नाही. बाबांना या पत्राचं सांगू नकोस. लोकरीचे मोजे सोबत पाठवते आहे, टाचेला दुहेरी विणले आहेत.

पासपोर्टचं तेवढं कळव.

तुझी
आई