डाव्या अंगठ्याबद्दल

मिरज, रविवार सकाळ

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की महिनाभर तुझ्या डाव्या हाताला मुंग्या येताहेत आणि रात्री अंगठा बधिर होतो. बाबांना सांगू नकोस, असं तू त्याला बजावलं होतंस म्हणे. त्याच्यावर रागावू नकोस. मीही तुझ्यावर रागावलेलो नाही. पण रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळचा रियाज बाजूला ठेवून लिहायला बसलो. फोनवर तू "ठीक आहे हो बाबा" म्हणून विषय संपवतेस.

हा तुझा सुगीचा महिना, हे मला माहीत आहे. ईस्टरच्या आधी नेदरलँड्समध्ये गावोगावच्या चर्चमध्ये बाखचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांची संगीतकथा, होतं. नार्डन गावची परंपरा तर १९२२ पासूनची. त्याला दोन ऑर्केस्ट्रा लागतात, त्यामुळे तुम्हा व्हायोलिनवाल्यांना मागणी. पंधरा दिवसांत अकरा कार्यक्रम, प्रत्येक जवळजवळ तीन तासांचा, वर तालमी आणि रेल्वेचा प्रवास. यातून उन्हाळ्यापर्यंतचं घरभाडं निघतं, असं तूच सांगितलं होतंस. बरोक व्हायोलिनला, म्हणजे बाखच्या काळच्या पद्धतीच्या व्हायोलिनला, कायमची नोकरी मिळणं फार दुर्मीळ. तेवढ्या प्रोजेक्टपुरतं बोलावणं येतं, आणि आजारी पडलीस तर मानधन गेलं. शिवाय एकदा नाही म्हटलं की पुढचा फोन दुसऱ्या कुणाला जाईल, ही धास्ती. ती मला कुणी समजावून सांगायला नको.

अंगठाच का दुखतोय, याचा रात्री विचार करत होतो. आपल्याकडे व्हायोलिन वाजवताना आपण मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं उजव्या पावलावर. दोन्हीकडून आधार असल्यामुळे डावा हात मोकळा धावतो. आजचे पाश्चात्त्य वादक हनुवटीने वाद्य धरून ठेवतात. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. बेल्जियन व्हायोलिनवादक सिगिसवाल्ड कायकेन यांनी १९६९ मध्ये हनुवटी न लावता वाजवण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू केली आणि पुढे बरीच वर्षं हेगला तुझ्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकवली, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. व्हायोलिन नुसतं गळ्याखालच्या हाडावर टेकलेलं. हात वरच्या सुरांकडे नेताना फारसा त्रास नाही, पण खाली उतरताना वाद्य हातासोबतच निघू पाहतं. मग आधी अंगठा मागे सरकवायचा आणि बाकीची बोटं त्याच्यामागून आणायची. म्हणजे तोल सगळा त्या एका अंगठ्यावर.

त्यात दोष माझाही आहे. तुमच्या तारा आतड्याच्या, सारंगीला असते तशी तात. सूरही ४१५ हर्ट्झवर, आजच्या पट्टीहून अर्धा स्वर खाली. ती तात दाबावी लागत नाही, बोट नुसतं टेकवलं तरी बोलते. पण तुझी बोटं लहानपणी माझ्यापुढे, स्टीलच्या तारांवर तयार झाली. घाई झाली, दमलीस, की ती पुन्हा दाबू लागत असणार.

आता एक गोष्ट सांगतो. ही तुझ्या आईलाही पूर्ण ठाऊक नाही. दादा नुकताच झाला होता, तेव्हा यात्रा-जत्रांच्या दिवसांत मी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करायचो. त्या वर्षी ओळीने बावीस रात्री वाजवलं. दहाव्या रात्रीनंतर कोपरापासून करंगळीपर्यंत करंट मारायचा. मलम लावलं, शेकलं, पण एकाही कार्यक्रमाला नाही म्हटलं नाही. पावसाळा आला तेव्हा अनामिकेतली ताकद गेली होती. ती परत आली नाही. माझी ती दोन बोटांवर घसरत येणारी तान, जिला लोक गायकी अंग म्हणतात, जी तू आठव्या वर्षी हुबेहूब उचललीस आणि हेगला पहिल्या वर्षी तुझ्या शिक्षकांनी मोडायला लावली, ती शैली नव्हती गं. ते दुखणं होतं. तू ते माझ्याकडून शिकत होतीस आणि मी गप्प बसलो.

जर्मन व्हायोलिनवादक राइनहार्ड ग्योबेल यांचं उदाहरण तर तुला माझ्याहून जास्त माहीत. १९७३ मध्ये म्युझिका अँटिक्वा क्योल्न ही जुनं संगीत वाजवणारी मंडळी उभी करणारा माणूस. त्यांनी वाजवलेल्या, सतराव्या शतकातल्या बीबर या संगीतकाराच्या रोझरी सोनाटा तू मला पाठवल्या होत्यास. दर सोनाट्याला तारा निराळ्या लावायच्या, हे वाचून मला आपलं घरच आठवलं होतं. १९९० मध्ये त्यांचा डावा हात कामातून गेला. त्यांनी व्हायोलिन उलटं धरून, बो डाव्या हातात घेऊन, सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. केवढी जिद्द! पण पुढे ते कंडक्टिंगकडेच वळले. त्या जिद्दीला मी हात जोडतो. तुझ्यावर तशी वेळ येऊ नये, एवढंच मला हवंय.

म्हणून ऐक. उद्या तालमीला निघण्याआधी डॉक्टरांना फोन कर. वादकांचे हात ओळखणारे डॉक्टर तुझ्याच गावात आहेत. त्यांनी थांब म्हटलं तर थांब, गुड फ्रायडेचा कार्यक्रम असला तरी. तुझी जागा घेणाऱ्या मैत्रिणीला स्वतः फोन कर आणि ज्यांनी बोलावलं त्यांना खरं कारण सांग. जूनपर्यंतचं भाडं मी पाठवतो. शाळेची पेन्शन आहे, शिकवण्याही चालू आहेत. आणि तो ब्रोडफोन्ड्स, आपल्या भिशीसारखा, स्वतंत्र काम करणाऱ्यांनी दरमहा पैसे साठवून आजारी सभासदाला द्यायचे, त्यात या वर्षी नाव घाल. दोन वर्षं नुसतं बोलते आहेस.

त्याच बीबरच्या शेवटच्या पासाकालियात, म्हणजे खाली तेच सूर फिरत राहतात आणि वर नवं नवं बांधत जायचं अशा रचनेत, ते चार सूर पासष्ट वेळा खाली उतरतात. आपल्या भाषेत सा, कोमल नी, कोमल ध, प. मी ते रोज पहाटे वाजवतो. अनामिकेशिवायही येतात. वर तू काय काय बांधतेस ते मात्र मला येत नाही, ते तुझ्याच हातून ऐकायचं आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. दादाला नको, मला.

तुझा,
बाबा