कुठल्याच देशाचे नागरिक नाही, हे सिद्ध कसे करायचे?

महोदय,

नागरिकत्वहीन माणसांच्या बातम्या छापून येतात तेव्हा त्यांना सरसकट निर्वासित म्हटले जाते. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्याला कोणतेही राज्य आपल्या कायद्याप्रमाणे नागरिक मानत नाही, तो नागरिकत्वहीन. सीमा ओलांडण्याचा यात उल्लेखही नाही. यांतले असंख्य लोक जन्मले त्याच गावात राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे २०२३ अखेर सुमारे ४४ लाख जणांची नोंद होती, आणि खरी संख्या याहून बरीच मोठी असल्याचे ते कार्यालयच सांगते. कारण ज्यांची कुठे नोंदच नाही, त्यांची मोजदाद होणार कशी?

ही स्थिती अनेकदा सरकारी निर्णयातून येते. सीरियातील हसका प्रांतात १९६२ साली एका दिवसात शिरगणती उरकली. १९४५ पूर्वीपासूनचे वास्तव्य कागदावर दाखवता न आलेल्या सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व गेले आणि पुढे त्यांच्या मुलांनाही ते मिळाले नाही. म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्व कायदा रोहिंग्यांना वगळून गेला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २०१३ च्या न्यायालयीन निकालाने, परदेशी आईवडिलांचे वास्तव्य कायदेशीर नसेल तर जन्माने नागरिकत्व नाही, हा निकष १९२९ पासूनच्या जन्मांनाही मागे जाऊन लावला.

पण आमच्या मते सर्वांत सहज बुजवता येणारी फट नवजात बाळाची आहे. आजही सुमारे २४ देशांत आईला आपले नागरिकत्व वडिलांच्या बरोबरीने मुलांना देता येत नाही. वडील बेपत्ता असतील, स्वतः नागरिकत्वहीन असतील किंवा त्यांनी मूल स्वीकारले नसेल आणि केवळ जन्मस्थानावरून नागरिकत्व मिळत नसेल, तर मूल कोणाचेच राहत नाही. नागरिकत्वहीनता कमी करण्यासाठीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील पहिले कलम नेमके यासाठी आहे: अन्यथा नागरिकत्वहीन राहणाऱ्या बाळाला जन्मभूमीने नागरिकत्व द्यावे. ते जन्मतःच आपोआप देता येते किंवा नंतर अर्जावर. अर्जाची वाट निवडणाऱ्या देशाला वास्तव्याची अट घालता येते, मात्र अर्जाआधी सलग पाच वर्षे किंवा एकूण दहा वर्षे यापेक्षा जास्त नाही. अर्जाची मुदत अठराव्या वर्षापर्यंत सुरू व्हायला हवी आणि एकविसाव्याआधी संपता कामा नये. घोटाळा इथेच होतो. कुटुंबाला मुदत माहीत नसते आणि वय निघून जाते. म्हणून कायदा करताना आपोआप मिळण्याचीच तरतूद असावी, असा आमचा आग्रह आहे.

जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण पुढचा प्रत्येक दावा तिच्यावर उभा राहतो. जन्माचे ठिकाण, तारीख, आईवडिलांची पूर्ण नावे आणि शक्य असल्यास त्यांची जन्मस्थळे, एवढे त्यात असलेच पाहिजे. आईवडिलांच्या ओळखपत्राशिवाय नोंद नाकारली, की कागद नसलेल्या पिढीचे मूलही कागदाविना वाढते. आईचे नाव एका दाखल्यात एका तऱ्हेने आणि दुसऱ्यात वेगळ्या तऱ्हेने लिहिले असेल, तर वीस वर्षांनी त्याच अक्षरावर अर्ज अडतो. उशिरा नोंद करायला साक्षीदार, प्रतिज्ञापत्र, कधी न्यायालयाचा आदेश लागतो, आणि जिथे रोजची मजुरी बुडते तिथे माणसे हा नाद सोडून देतात.

मोठेपणी हेच आयुष्यभर आडवे येते: परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, कायदेशीर नोकरी, विवाहनोंदणी, प्रवास. पकडले गेल्यास तर हद्दपार करायला देशच सापडत नाही, आणि कोठडीचा शेवट कधी हे कोणी सांगू शकत नाही.

अशा माणसाला ‘तू कोणत्याच देशाचा नाहीस, हे दाखव’ म्हणणे म्हणजे नसलेल्या गोष्टीचा पुरावा मागणे आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये, मोल्दोव्हाने २०१२ मध्ये माणूस नागरिकत्वहीन आहे की नाही, हे ठरवण्याची वेगळी प्रक्रिया सुरू केली. पुष्कळ देशांत ती अजून नाही. अशा प्रक्रियेत चौकशी जगभरातील देशांकडे करायची नसते. जन्म, वंश, विवाह किंवा दीर्घ वास्तव्य यांपैकी काही संबंध ज्या देशांशी आहे, तेवढ्यांकडेच करायची. पुराव्याचा भार अर्जदार आणि अधिकारी दोघांवर असावा, कारण दूतावासाला सरकारी पत्र लिहिणे अधिकाऱ्यालाच जमते. दूतावास उत्तर देत नाहीत, हा नेहमीचा अनुभव. त्यासाठी ठरावीक मुदत असावी, आणि ती उलटल्यावर त्या देशाचा कायदा व प्रत्यक्ष वागणूक पाहून निर्णय व्हावा. निर्णय होईपर्यंत अर्जदाराला तात्पुरते ओळखपत्र, कामाची परवानगी आणि कोठडीपासून संरक्षण मिळाले पाहिजे. नाहीतर निकाल लागेपर्यंत तग धरणेच अशक्य होते.

– जन्मनोंदणी व नागरिकत्वाच्या प्रकरणांत काम करणारे कार्यकर्ते