त्या काकांचे आणि श्वानवाल्या ताईंचे आभार

परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला गेलो होतो. बाण सुटला, पण दोरीच्या आवाजाने हरीण दचकून पुढे सरकलं आणि बाण छातीऐवजी पोटात लागला. हरीण झाडीत दिसेनासं झालं. मी त्याच्या मागे निघणार, तेवढ्यात शेजारच्या मचाणावरच्या काकांनी थांबवलं. बाणाला हिरवट घाण होती, उग्र वास येत होता. तो हुंगून ते म्हणाले, "पोटात लागलाय. आत्ता मागे लागलास तर उठून लांब जाईल. आठ-दहा तास जाऊ देत."

पहाटे ते माग काढणारा कुत्रा आणि त्याच्या मालकीणबाईंना घेऊन हजर! कुत्रा लांब पट्ट्यावर पुढे, आणि ताई रक्ताच्या थेंबाथेंबापाशी टिश्यूचा कपटा ठेवत मागे. वळून पाहिलं की हरीण कुठल्या दिशेने गेलं ते कळायचं. शेवटी पाण्याजवळ सापडलं. बरंचसं मांस वाया गेलं होतं, मिरवण्यासारखं काहीच नव्हतं. तरी काकांनी बाह्या सरसावल्या, साफ कसं करायचं ते दाखवलं, खाण्याजोगं वेगळं काढून दिलं. पैसे दोघांनीही घेतले नाहीत.

काका, ताई, मनापासून आभार. पुढे कुणाचं हरीण हरवलं तर मलाही हाक मारा. टिश्यू मी आणीन.