टर्बो इंजिनाचा कॅमशाफ्ट

मा. संपादक, स.न.वि.वि.

कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जितका ‘मोठा’, म्हणजे व्हॉल्व्ह जितके जास्त वेळ व जास्त उंच उघडणारा, तितकी ताकद जास्त, हा आपल्या वाहन पुरवणीतील सूर टर्बो इंजिनाला, म्हणजे जळक्या वायूने टर्बाइन फिरवून जादा हवा आत ढकलणाऱ्या इंजिनाला, लागू पडत नाही. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या मोटारीच्या १९९७ सीसीच्या ४जी६३ इंजिनाला २७२ अंशांचे (क्रँकशाफ्ट तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे) कॅमशाफ्ट मूळ टर्बोसहही मानवतात; त्यापुढे मात्र इनटेक (हवा आत घेणारा) व एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो आणि टर्बाइनआधी दाब तुंबलेला असल्यास जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरून टर्बो उशिरा जागा होतो. लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) वाढवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक हव्यात आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ टायमिंग पुलीवरच्या (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चाकावरच्या) खुणेवर न विसंबता डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे मापक) लावूनच तपासावी.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक, कोल्हापूर