परदेशात जन्मलेले अमेरिकन बाळ आणि आई-वडिलांच्या दिवसांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशापासून अमेरिकेतल्या जन्माधारित नागरिकत्वाच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येत आहेत. त्या वाचून, अमेरिकन नागरिक असलेल्या आणि बाळंतपणासाठी भारतात आलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या पोटात गोळा येतो. तो आदेश अमेरिकेच्या भूमीवर होणाऱ्या जन्मांबाबत आहे. अमेरिकेबाहेर अमेरिकन आई-वडिलांच्या पोटी जन्मणाऱ्या मुलांचा प्रश्न १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम ३०१ आणि ३०९ मध्ये येतो. या कुटुंबांची अडचण होते ती तिथल्या अटींमुळे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. अमेरिकन कॉन्सुलेट (वकिलातीचे कार्यालय) बाळाला नागरिकत्व देत नाही. बाळ नागरिक आहे की नाही हे जन्माच्या क्षणीच कायद्याने ठरून गेलेले असते, आई-वडिलांची त्या दिवशीची स्थिती आणि त्याआधीचे अमेरिकेतले वास्तव्य यांवरून. कॉन्सुलेट फक्त पुरावे तपासते आणि नोंद करते. त्या नोंदीचे नाव कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ बर्थ अब्रॉड, म्हणजे सीआरबीए. हाती येणाऱ्या दाखल्याचा क्रमांक एफएस-२४०. जन्मानंतर घातलेला कोणताही अर्ज, केलेली कोणतीही विनंती जन्माच्या दिवशी अपुरी असलेली अट पुरी करू शकत नाही. बाळ महिन्याचे असताना वडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि आई अमेरिकन नाही, तर त्या बाळाला सीआरबीए मिळत नाही.

आता अटी. आई-वडील विवाहित आणि दोघेही अमेरिकन नागरिक असतील, तर बाळाच्या जन्माआधी दोघांपैकी एकाचा अमेरिकेत निवास झालेला असणे पुरते. किती काळ, याला किमान मर्यादा नाही. मात्र निवास म्हणजे खरोखरचे राहते घर. सुट्टीत मावशीकडे जाऊन येणे म्हणजे निवास नव्हे. दोघांपैकी एकच नागरिक असेल, तर त्या एकाने बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षे प्रत्यक्ष राहिलेले असावे लागते आणि त्यातली किमान दोन वर्षे वयाच्या चौदाव्या वाढदिवसानंतरची असावी लागतात. हा नियम १४ नोव्हेंबर १९८६ पासूनच्या जन्मांना लागू आहे. त्याआधीच्यांना दहा वर्षे, आणि त्यातली पाच चौदाव्यानंतरची. अविवाहित अमेरिकन आईला पूर्वी सलग एक वर्ष पुरत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जून २०१७ च्या निकालानंतर जन्मलेल्या बाळांसाठी तिलाही पाच वर्षांचीच अट आहे. अविवाहित वडिलांना याशिवाय रक्ताचे नाते सिद्ध करावे लागते, पितृत्व कायदेशीररीत्या मान्य करावे लागते आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत खर्च उचलण्याची लेखी हमी द्यावी लागते.

आपल्याकडे या अटीत कोण अडकते? अमेरिकेत शिकायला गेलेला, मग नोकरी, ग्रीन कार्ड, शपथ असा क्रम पार केलेला माणूस सहसा अडकत नाही. त्याचे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे, ग्रीन कार्डवरचे सगळे दिवस पाच वर्षांत धरले जातात. शपथेनंतरचेच दिवस मोजतात ही समजूत चुकीची आहे. अडकते ती त्याची पुढची पिढी. न्यू जर्सीत जन्मलेली मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी आई-वडिलांबरोबर पुण्याला परत येते, शाळा-कॉलेज इथेच होते, भारतीय नागरिक असलेल्या मुलाशी लग्न होते. तिचा अमेरिकन पासपोर्ट अगदी खरा असतो, पण चौदाव्या वर्षानंतरची दोन वर्षे तिच्याकडे नसतात. तिचे बाळ जन्मतः अमेरिकन नागरिक होत नाही. हे अनेकांना बाळ झाल्यावर, कॉन्सुलेटच्या खिडकीशी उभे असताना कळते. अशाच दोन मुलांचे एकमेकांशी लग्न झाले असते, तर एकाचे बालपणीचे वास्तव्यही पुरले असते. अटीत एवढा फरक आहे.

पाच वर्षे सलग नसली तरी चालतात, पण ती खऱ्या दिवसांनी भरावी लागतात. अमेरिकेबाहेर काढलेला काळ वजा होतो, मग ती दिवाळीची सुट्टी असो, आजीच्या आजारपणासाठीचे दोन महिने असोत की कंपनीने पाठवलेला लंडनचा दौरा असो. पाच वर्षे चार महिने तिथे होतो असे म्हणणाऱ्याचे वरचे चार महिने म्हणजे सुमारे सतरा आठवडे. त्या काळात भारतवाऱ्यांत मिळून चोवीस आठवडे गेले असतील, तर तो सात आठवड्यांनी कमी पडला. भाड्याचे घर चालू होते, पगार तिथल्या खात्यात जमा होत होता, यामुळे ते सात आठवडे भरून निघत नाहीत. सवलत फार मोजक्यांना आहे: अमेरिकेच्या सैन्यातली सन्मान्य सेवा, अमेरिकी सरकारची नोकरी किंवा ठरावीक आंतरराष्ट्रीय संस्थांची नोकरी यांसाठी बाहेर घालवलेला काळ, आणि अशांच्या घरात राहणाऱ्या अविवाहित मुला-मुलींचा काळ.

म्हणून बाळाची चाहूल लागली की एक साधा तक्ता करायला घ्यावा: अमेरिकेत शिरल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, मधले दिवस. जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के उलगडून बसावे. अमेरिकेतून बाहेर पडताना शिक्का मारत नाहीत, त्यामुळे जाण्याची तारीख बहुधा भारतातल्या आगमनाच्या शिक्क्यावरून काढावी लागते. आय-९४ (अमेरिकेतल्या आगमन-निर्गमनाची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांतल्या ये-जाची नोंद मिळते. त्याआधीची हवी असेल तर तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. बाळंतपणाच्या आधीच हे मागवून ठेवावे असे मी आग्रहाने सांगते. रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या आई-वडिलांना दहा वर्षांपूर्वीच्या विमानाच्या तारखा शोधायला लावू नये.

पुराव्यांत सगळ्यांत वजनदार म्हणजे शाळा-विद्यापीठाची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट. कोणत्या सत्रात वर्गात हजर होता हे त्यावरून दिसते. पदवी प्रमाणपत्रावरून तसे दिसत नाही, म्हणून फक्त ते आणू नये. त्याखालोखाल डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), सोशल सिक्युरिटी खात्याकडचा कमाईचा वर्षवार तक्ता, मालकाचे कामाचे ठिकाण आणि तारखा लिहिलेले पत्र, लसीकरणाच्या व दवाखान्याच्या नोंदी, भाडेकरार. केवळ आयकर विवरणपत्र कमकुवत ठरते, कारण ते परदेशात बसूनही भरता येते. ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही माणूस कुठे राहत होता हे कळत नाही. चौदाव्या वाढदिवसानंतरच्या दोन वर्षांचे कागद वेगळे लावावेत. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

अर्जाचा फॉर्म डीएस-२०२९. बऱ्याच देशांत तो आता ऑनलाइन भरून शुल्कही आधीच भरता येते. सीआरबीएचे शुल्क १०० डॉलर आणि मुलाच्या पासपोर्टचे १३५. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टचा डीएस-११ फॉर्म घरी भरावा, पण त्यावर सही करू नये. सही अधिकाऱ्यासमोर, शपथेवर करायची असते. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील दोघांनीही हजर राहायचे. एकाला जमत नसेल तर डीएस-३०५३ हे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. ज्याच्यामुळे नागरिकत्व मिळते तोच अमेरिकेत अडकला असेल, तर त्याचे डीएस-५५०७ प्रतिज्ञापत्र लागते. बाळाला स्वतः न्यावे लागते. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढलेला फोटो चालतो, मात्र आधाराला धरलेला आईचा हात त्यात दिसता कामा नये.

नावांचा घोळ हे आपल्याकडचे खास दुखणे. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते आणि नोंद २१ दिवसांत करावी लागते. नाव नंतर चढवून घेता येते. ते चढवल्यावरचाच दाखला कॉन्सुलेटला न्यावा. आईचे नाव रुग्णालयात माहेरचे, पासपोर्टवर सासरचे, विवाह नोंदणीत तिसरेच, असे झाले की प्रत्येक फरकासाठी स्वतंत्र कागद लागतो. रुग्णालयाच्या फॉर्मवर नाव लिहिताना आईचा पासपोर्ट समोर उघडून ठेवावा आणि त्यातले स्पेलिंग अक्षरशः उतरवावे. पुढचे निम्मे हेलपाटे तिथेच वाचतात. बाळाच्या नावात वडिलांचे नाव मधले नाव म्हणून हवे की नको, हेही आधीच ठरवावे. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे. आधीच्या लग्नाचा घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा मूळ प्रतीसह लागतो. विवाह नोंदणीचा दाखला काढताना लग्न प्रत्यक्ष कोणत्या तारखेला लागले ते त्यावर आले आहे ना, हे पाहावे, कारण नोंदणी कधीकधी बाळाच्या जन्मानंतर झालेली असते.

सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड फेकू नये. नात्याविषयी शंका आली तर तेच आधी मागतात. डीएनए चाचणी कॉन्सुलेटने सुचवल्याशिवाय करू नये. ती त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेमार्फत आणि त्यांच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. स्वतःहून करून आणलेला अहवाल धरला जात नाही.

भारताकडची बाजूही विसरू नये. १ जुलै १९८७ पासून, आई-वडील दोघेही परदेशी नागरिक असतील तर भारतात जन्मलेले मूल भारतीय नागरिक होत नाही. दोघांकडे ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचे) कार्ड असले तरी नाही. बाळाच्या कोऱ्या अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसतो, त्यामुळे देशाबाहेर पडण्यासाठी एफआरआरओ या परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. ती न काढता विमानतळ गाठणाऱ्यांना इमिग्रेशनला थांबवले जाते. आई-वडिलांपैकी एक भारतीय असेल तर बाळ जन्मतः भारतीयही असते, आणि भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. दोन्ही पासपोर्ट एकदम बाळगता येणार नाहीत. तिकडे, अमेरिकन नागरिक ठरणाऱ्या बाळासाठी घाईघाईने पर्यटक व्हिसा मागण्यात अर्थ नाही. नागरिकाला व्हिसा दिला जात नाही, त्याने अमेरिकन पासपोर्टवरच शिरायचे असते.

अट पुरी होत नसेल त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. बाळाच्या अमेरिकन आजी किंवा आजोबांनी पाच वर्षे आणि चौदाव्यानंतरची दोन वर्षे अमेरिकेत काढली असतील, तर एन-६००के अर्जाने, मुलाला तात्पुरते अमेरिकेत नेऊन, अठरा वर्षांच्या आत नागरिकत्व मिळवता येते. वर सांगितलेल्या न्यू जर्सीच्या मुलीचे वडील पुरेशी वर्षे तिथे राहून नागरिक झालेले असतील, तर तिच्या बाळाला ही वाट मोकळी असते. दुसरी वाट ग्रीन कार्डवर नेऊन तिथेच राहण्याची: मूल अठराच्या आत नागरिक पालकाच्या ताब्यात राहू लागले की २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने ते आपोआप नागरिक होते.

सीआरबीए अठरा वर्षे पुरी होण्याआधीच मागता येतो. त्याला मुदत नसते, तर मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांनी संपतो, म्हणून एफएस-२४० चा कागद जपून ठेवावा. सोशल सिक्युरिटी क्रमांक यात मिळत नाही. त्यासाठी एसएस-५ अर्ज निराळा करावा लागतो आणि तो क्रमांक नसेल तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे मिळणारी अमेरिकन करसवलत) मागता येत नाही. शिवाय या बाळालाही पुढे आपल्या मुलांसाठी याच पाच वर्षांचा हिशेब द्यावा लागू शकतो, तेव्हा अमेरिकेतल्या त्याच्या पहिल्या शाळेच्या हजेरीपासूनचे कागद त्याच फाइलमध्ये लावत जावेत.

आपली,
एक वाचक