सायली, गाडी ठरवण्याआधी

वाई
रविवार, रात्री

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर, तू नवी गाडी घेऊन खंबाटकी घाटातून येणार म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढला. तू फोन ठेवल्यापासून आई गप्पच आहे. घाटाचा विषय आता काढत नाही, फक्त गाडीचं लिहितो.

दादाच्या मित्राला घेऊन साताऱ्यात डिझायर, अमेझ, ऑरा, टिगॉर चारही बघून आलो. सगळ्या चार मीटरच्या आतल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून या छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे तू म्हणतेस तेवढ्या पैशांत गाडी बसते. सीएनजीचा हट्ट मात्र सोड. वाकड ते हिंजवडी असं रोजचं अंतर ते किती! सीएनजीसाठी दिलेले वरचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातील, शिवाय टाकी डिकी खाते. आजीची खुर्ची कुठे ठेवणार? डिझायरची डिकी 382 लिटरची, अमेझची 416, तीही टाकी नसताना. टिगॉरमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवल्यात, जागा उरते. पण माणसं भरून, गॅसवर खंबाटकी चढताना गाडीचा दम जातो.

पुन्हा घाटावरच आलो बघ.

जुन्या रस्त्याने पुण्याहून येताना तुला तो चढावाच लागतो, जाताना बोगदा आणि पुढचं ते एस वळण. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थकलेली निघतेस. मी एकतीस वर्षं एसटी चालवली तरी त्या वळणावर कधी बेफिकीर राहिलो नाही. हे तुला भाषण वाटेल. माफ कर.

तू लहानपणी माझ्या शेजारी इंजिनच्या पेटीवर गोधडी टाकून बसायचीस. चढ लागला की नुसत्या आवाजावरून, मी हात हलवायच्या आधी, "बाबा, आता दुसरा" म्हणायचीस. कंडक्टर सगळ्या डेपोत सांगत फिरायचा. म्हणून सांगतो, ऑटोमॅटिक घेणार असशील तर डिझायरची एएमटी (नेहमीचेच गिअर, पण आपोआप बदलणारे) आणि अमेझची सीव्हीटी (गिअरचे टप्पेच नसलेली) दोन्ही चढावर चालवून बघ. एएमटी गिअर टाकताना क्षणभर अडखळते, तुझ्या कानाला ते लगेच कळेल. हिंजवडीच्या गर्दीत सीव्हीटी सुखाची, पण महाग.

जुन्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोनच तारे होते, म्हणून मी नाही म्हणत होतो. 2024 च्या नवीला पाच मिळालेत. माझं मन तिच्यावर बसलंय. तुझं अमेझवर असेल तर अमेझ घे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला लाव, आईलासुद्धा, ती कुरकुरली तरी. पैसे तुझे, कष्ट तुझे. आपल्या घरात स्वतःच्या कमाईची नवी गाडी घेणारी तू पहिली. तात्या असते तर गावभर पेढे वाटले असते. हे सकाळीच बोलायला हवं होतं.

शनिवारी गाड्या चालवून बघायला पहिल्या एसटीने स्वारगेटला येतो. तू चालव, मी मागे बसेन. काही बोलणार नाही. आणि त्याऐवजी या शुक्रवारी तूच कुणाच्या गाडीने वाईला येणार असशील तर खेड शिवापूरच्या टोलवरून फोन कर. मी सुरूर फाट्यावर येऊन थांबतो.

तुझा,
बाबा