चपला काढून गाडीचा हीटर तपासणाऱ्या मिस्त्रीकाकांना

काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नका, असं तुम्ही बजावलंत. "नाव टाकलंत तर उद्या अख्खा सिंहगड रोड 'जरा बघून द्या' म्हणत दारात उभा राहील." म्हणून नाव लिहीत नाही. कालव्याच्या कडेला पत्र्याची शेड आणि शेजारी चहाची टपरी, एवढंच लिहिते. त्यावरून कुणी शोधत आलं तर मला बोल लावू नका.

खरं तर हे शेडमध्येच बोलायचं होतं. पण त्या रविवारी घसा दाटून आला आणि "किती झाले?" एवढंच तोंडातून निघालं. ते फार कोरडं वाटलं असणार. म्हणून हे पत्र.

आमचं वेळापत्रक तुम्हाला आता पाठ आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे सव्वापाचला घरून निघायचं, सहाला डायलिसिसची पहिली शिफ्ट, मग चार तास मशीनवर. किडनीच्या पेशंटच्या अंगात रक्त कमी, त्यामुळे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वाजते. बाबा दोन स्वेटर, शाल, माकडटोपी आणि मोज्यांचे दोन जोड घालून निघतात. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, त्यावर घट्ट काही चालत नाही, म्हणून त्या स्वेटरची बाही मी उसवून सैल केलीय. त्या हातावर बोट ठेवलं तर आत सारखी थरथर लागते, मांडीवर मांजर गुरगुरत असावं तशी. डिसेंबर लागला आणि गाडीत ती थरथर कुठली आणि थंडीची कुडकुड कुठली, तेच मला कळेना. हीटरची चकती पार लाल रंगापर्यंत फिरवली तरी ब्लोअर नुसता घोंघावायचा आणि गार वारा अंगावर टाकायचा. शेवटी तो बंदच ठेवायला लागलो. मग काचेवर धुकं धरायचं, आणि मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडकं फिरवायची.

तुमच्याआधी मी तीन ठिकाणी गेले होते.

पहिल्याला हसूच आवरेना. "मॅडम, पुण्यात हीटर? मनालीला निघालात की काय?" बाबा शेजारीच बसले होते. ते अशा वेळी आकडा फेकतात: १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या दिवशी त्यांनी तेही केलं नाही. खिडकीची काच वर घेतली आणि म्हणाले, चल.

दुसऱ्याने एसीचा गॅस भरला. अठराशे रुपये घेतले. हीटरचा आणि एसीच्या गॅसचा काडीचाही संबंध नाही, हे मला तुमच्याकडे कळलं. त्याला ते आधीपासून माहीत असणार, याचा राग अजून गेलेला नाही.

तिसरं काचेच्या भिंतींचं वर्कशॉप. कॉफी फुकट, सोफे मऊ. कॉम्प्युटरवरची नजर न काढता त्या मुलाने सांगितलं, हीटर कोअर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, बावीस हजार, गाडी तीन दिवस ठेवा. बॉनेटला हातही लागला नव्हता. मी म्हटलं, तीन दिवसांत एक डायलिसिस तरी येतंच. तर म्हणे, "कॅब करा ना." बाळा, पहाटे पाचला धायरीतून कॅब बोलावून बघ एकदा. तीन ड्रायव्हर कॅन्सल करतात आणि चौथा फोन उचलत नाही.

तुमचा पत्ता हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनने दिला. शनिवारी दुपारी मी आले तेव्हा तुम्ही एका रिक्षाखाली आडवे होतात. बाहेर आलात, हात पुसलेत, मी काही सांगायच्या आत डाव्या सीटवरची उशी बघितलीत आणि विचारलंत, "ताई, गाडीत बसतं कोण?"

काका, या प्रश्नाला मी महिनाभर तरसले होते. आधीच्या तिघांनी किलोमीटर विचारले, मॉडेल विचारलं, इन्शुरन्स विचारला.

पुढचं सगळं मला नीट सांगता येणार नाही, तुम्हीच सांगावं. थोडक्यात, गाडी सुरू केल्या केल्या तुम्ही रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवलात. इंजिन गार असताना तो गारच राहायला हवा आणि आमचा लगेच कोमट होत चालला होता. "वॉल काढलाय कुणीतरी." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पाणी साधारण ऐंशीच्या पुढे तापेपर्यंत तो दार लावून बसतो आणि तापलं की उघडतो. आमच्या गाडीत दारच नव्हतं. गार पहाटे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहायचं, इंजिन तापायचंच नाही, आणि डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत, म्हणजे त्या हीटर कोअरमध्ये, गरम पाणी जाणार तरी कुठून? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी तापली होती, ते मला तेव्हा आठवलं. हायवेवरच्या गॅरेजवाल्याने "झालं काम" म्हणून सोडली होती. त्याने वॉल काढून फेकला आणि आम्हाला सांगितलंही नाही. तेव्हापासून अ‍ॅव्हरेज घसरलं होतं आणि आम्ही पेट्रोल पंपाला शिव्या देत होतो.

तुमच्या पोऱ्याने नाना पेठेतून नवा वॉल आणला, तो तुम्ही लगेच बसवला नाहीत. टपरीवाल्याकडून पातेलंभर पाणी घेतलंत, स्टोव्हवर ठेवलंत आणि वॉल दोऱ्याला बांधून आत सोडलात. "डुप्लिकेट फार येतात." मलाही वाकून बघायला लावलंत. पाणी तापत गेलं, तळाशी बुडबुडे धरले, आणि त्या पितळी तुकड्याची चकती हळूच वर सरकली. करंगळीच्या नखाएवढी फट. एवढ्याशा फटीसाठी माझे बाबा महिनाभर कुडकुडत होते.

हे सगळं कुणी चांगला मिस्त्री करेलही कदाचित. मला सांगायचंय ते रविवारचं.

गाडी रात्रभर ठेवून घ्या म्हणालात. "थंडीची तक्रार थंडीतच बघायची." रविवारी पहाटे सहाला मी रिक्षाने पोचले तर तुम्ही मफलर गुंडाळून, हातात चहाचा ग्लास घेऊन उभेच होतात. गाडी सुरू केलीत. मग ड्रायव्हरच्या सीटवर न बसता पलीकडे गेलात. ग्रीसने काळ्या झालेल्या रबरी चपला बाहेर, दाराशी नीट जोडून ठेवल्यात. तळपाय एकेक करून फडक्याने पुसलेत. बाबांच्या उशीवर बसलात, दार लावून घेतलंत आणि अनवाणी पाय डॅशबोर्डखाली सरकवून गप्प बसून राहिलात. मी ड्रायव्हरच्या सीटवर. इंजिनच्या तापमानाचा काटा हलेना. मग हलला. दहा-बारा मिनिटांनी मधोमध येऊन थांबला आणि माझ्या तोंडावर गरम वारा आला. मी "झालं की हो काका!" म्हणून ओरडले.

तुम्ही मान हलवलीत. "तुमचं झालं. पायाला येईना."

हे दुसऱ्या कुणाला कळलं असतं का? समोरच्या जाळीला हात लावला असता, गरम आहे म्हणाला असता आणि बिल केलं असतं. हवा पायांवर फिरवली तरी निम्मी काचेवर चालली होती, आतल्या झडपेची केबल क्लिपमधून निसटली होती. तुम्ही उलटे होऊन, टॉर्च दातांत धरून ती बसवलीत. मग पुन्हा पाय आत. या वेळी डोळे मिटून. बराच वेळ. "हं. आता म्हाताऱ्या माणसाला पुरेल."

बिल अकराशे चाळीस. त्यात कूलंट, मजुरी आणि नाना पेठेतली पावतीही. केबलचे किती, विचारलं तर म्हणालात, "ती काय विकत आणली का?" निघताना दटावलंतही: पाणी कमी झालं की नळाचं ओतायचं नाही, आतून गंजतं, कूलंटच घालायचं. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. बरं.

आमच्या वॉर्डात एक मावशी आहेत. ब्लँकेट सगळेच देतात, मावशी त्याचं टोक टाचेखाली खोचून जातात. नर्सनी सांगितलेलं नसतं, पगारात ते धरलेलं नसतं. तुमची आणि त्यांची ओळख नाही, पण तुम्हाला पाय पुसताना बघितलं आणि मला आधी त्याच आठवल्या. या आजारपणात सल्ले देणारे रग्गड भेटले. कुठला काढा घ्या, कुठल्या बाबांकडे जा, नशिबात असतं हो. टाचेपर्यंत पोचलेली माणसं मात्र मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यातलं एक बोट तुमचं आहे.

बाबांना मी हे सगळं सोमवारी पहाटे गाडीतच सांगितलं. चपला जोडून ठेवल्याचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. राजाराम पुलापर्यंत पोचलो तर डोळा लागलेला, तोंड जरासं उघडं. डिसेंबरपासून गाडीत ते झोपले नव्हते.

बुधवारी म्हणाले, "कमी कर गं जरा, उकडतंय."

आणि शुक्रवारी हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअर आणून मी बाबांच्या बाजूचं दार उघडलं तर पायाशी मोज्यांचा एक जोड काढून, गुंडाळी करून ठेवलेला. हे पत्र लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनी एवढाच निरोप दिलाय: "मिस्त्रींना लिही, वरचा जोड काढला."

आपली,
डाव्या सीटवर उशी असलेल्या गाडीची ड्रायव्हर